मागणीचा भाव आणि भूगर्भातील धातू

गिरणीच्या वा बँकेच्या शेअरचा भाव कितीही चढला-उतरला, तरी त्याला ताळेबंदाचा आणि दरसालच्या लाभांशाचा लगाम असतो. परंतु जिच्यापाशी सरकारी परवान्याचा कागद, चार बोअर आणि वर्षभर पुरेल न पुरेल इतकी शिल्लक यांखेरीज काहीच नाही, त्या लहान खनिजसंशोधक कंपनीच्या बाबतीत हा लगामच नसल्यामुळे, भाव हा मालमत्तेचा नव्हे, तर गुंतवणूकदारांच्या ओढीचा निदर्शक होऊन बसतो.

ऑस्ट्रेलियातील पोसायडन कंपनीचा इतिहास या दृष्टीने मननीय आहे. 1969 साली व्हिएतनाममधील युद्धाने निकेलची गरज वाढविली होती आणि कॅनडात सडबरी येथील कामगारांच्या संपाने पुरवठा रोखला होता; अशा समयी पश्चिम ऑस्ट्रेलियातील लॅव्हर्टनजवळच्या विंडारा येथे साडेतीन टक्क्यांच्या आसपास निकेल असलेला खडक बोअरमध्ये लागल्याचे वर्तमान आले, आणि सप्टेंबरात ऐंशी सेंटांच्या घरात असलेला शेअर फेब्रुवारी 1970 मध्ये 280 डॉलरवर गेला. भूमीतील निकेल त्या पाच महिन्यांत कणभरही वाढले नव्हते. वाढली होती ती मागणी. आणि कंपनीचे शेअर मुळातच वीस लाखांच्या आसपास, त्यांतले विक्रीस येणारे त्याहून पुष्कळ कमी, म्हणून लंडनपासून सिडनीपर्यंतचे ग्राहक त्या थोडक्या मालावर तुटून पडताच प्रत्येक खरेदी पुढल्या खरेदीचे कारण होऊ लागली.

ही मागणी सर्वस्वी त्याज्य आहे, असे मी मानीत नाही. चढ्या भावात कंपनीने नवे शेअर काढले, तर थोडी मालकी देऊन मोठे भांडवल हाती येते, आणि बँक ज्याला कर्ज देणार नाही ते शोधकार्य अशाच पैशावर चालते. म्हणजे येथे भाव परिस्थिती केवळ दाखवीत नाही, काही अंशी घडवितोही. परंतु बाजारात एकाने दुसऱ्याकडून 280 डॉलरला घेतलेल्या शेअरचा छदामही त्या बोअरपर्यंत पोहोचत नाही. तो आधीच्या धारकाकडे आणि दलालाकडे जातो, आणि ज्याने वर्तमानपत्रातील भाव वाचून सर्वांत शेवटी आपली शिल्लक गुंतविली, त्याच्या पदरी निव्वळ जोखीम पडते. मला चिंता वाटते ती या शेवटच्या ग्राहकाची. कारण बोअरमधल्या खडकाची बातमी त्याच्यापर्यंत येते तेव्हा ती भावात आधीच मुरलेली असते, आणि तिची शहानिशा करण्याचे कोणतेही साधन त्याच्या हाती नसते.

विंडाराची खाण 1974 मध्ये सुरू झाली, तोवर निकेलची तेजी ओसरली होती आणि खनिजाचा कसही अपेक्षेपेक्षा हलका निघाला होता. 1976 मध्ये कंपनीचा कारभार रिसीव्हरकडे गेला.