जीपचं इंजिन बदलण्याआधी

जुन्या जीपचं इंजिन बदलायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, ‘कोणतं इंजिन बसेल?’ गॅरेजात, भंगारबाजारात, जीपवेड्यांच्या गप्पांत हाच प्रश्न घोळत असतो. माझ्या मते त्याचा क्रमांक दुसरा आहे. आधी विचारायला हवं ते हे, की या गाडीतलं काय काय जुन्या इंजिनाच्या मापानं ठरलेलं आहे? याचं उत्तर कागदावर मांडायला बसलं की यादी संपता संपत नाही, आणि खर्चाचा अंदाज, कामाचा क्रम, मुळात हे काम करायचं की नाही, हे सगळंच वेगळं दिसू लागतं.

उदाहरण दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचंच घेऊ. युद्धानंतर महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली आणि तिथून ही गाडी आपल्या वाड्यावस्त्यांपर्यंत पोचली. युद्धातल्या एमबी मॉडेलचं इंजिन चार सिलिंडरचं, २१९९ सीसीचं, पेट्रोलवर चालणारं. मिनिटाला ४००० फेऱ्यांवर ६० अश्वशक्ती देणारं. डॅशबोर्डवर एक छोटी पट्टी असे, कोणत्या गिअरमध्ये किती वेगापर्यंत जायचं ते सांगणारी. टॉप गिअरसाठी तिच्यावर ताशी ६५ मैल, म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर, हा आकडा होता.

हा आकडा कुठून आला ते काढून बघण्यासारखं आहे. ताशी १०५ किलोमीटर म्हणजे मिनिटाला १७५० मीटर. ६.००-१६ मापाचा टायर एका फेऱ्यात साधारण सव्वादोन मीटर जातो, म्हणजे मिनिटाला चाकाचे ७८० च्या आसपास फेरे झाले. क्राउन-पिनियनचं गुणोत्तर ४.८८. चाक एकदा फिरायला शाफ्ट जवळपास पाच वेळा फिरतो, आणि टॉप गिअर थेट असल्यामुळे इंजिनही तेवढंच फिरतं. गुणाकार केला की ३८०० येतात. इंजिनाची सगळी ताकद जिथे मिळते त्या ४००० च्या किंचित अलीकडे! इंजिन, गिअर, क्राउन-पिनियन आणि टायर या चौघांनी मिळून घातलेली मर्यादा त्या पट्टीवर लिहिलेली होती.

आता या गाडीत ट्रॅक्टरच्या जातीचं डिझेल इंजिन टाकू. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि पेट्रोल पिणाऱ्या जीपा मालकांना परवडेनाशा झाल्या. वडाप चालवणाऱ्याला तर लिटरमागे किती किलोमीटर हाच हिशेब महत्त्वाचा. त्यामुळे डिझेल टाकण्याची लाट आली, आणि त्यात मला काहीच गैर वाटत नाही. पोटासाठी चालणारी गाडी तशीच चालवावी लागते. पण हिशेब मात्र तोच राहतो. समजा नव्या इंजिनाची कमाल फिरत मिनिटाला २२०० फेऱ्यांची आहे. भागिले ४.८८, गुणिले सव्वादोन मीटर. उत्तर येतं ताशी ६० किलोमीटर. त्यापुढे ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी गाडी जात नाही. मालक म्हणतो इंजिनात दम नाही, मिस्त्री म्हणतो पंप बघू. दोघांचाही रोख चुकतो. कमी फेऱ्यांवर त्या इंजिनाची ओढ जुन्यापेक्षा चांगलीच असते. फक्त मागचं गुणोत्तर दुसऱ्याच इंजिनासाठी ठरवलेलं असतं.

मग क्राउन-पिनियन बदलायचं? बदलता येतं, पण जीप चारही चाकांनी ओढणारी आहे. मागचं बदललं की पुढचंही त्याच गुणोत्तराचं हवं. नाहीतर फोर-व्हील टाकल्यावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या गतीनं फिरू पाहतात, टायर घासतात आणि ट्रान्स्फर केसवर ताण येतो. एका इंजिनापायी दोन ॲक्सल उघडावे लागतात. दुसरा मार्ग म्हणजे जास्त फेऱ्यांवर चालणारं, मोटारीच्या जातीचं डिझेल शोधणं. महिंद्रांनी प्यूजोच्या परवान्यानं बनवलेलं २११२ सीसीचं एक्सडीपी इंजिन अशा कामात पसंत पडलं, त्यामागे हाच हिशेब आहे.

खुद्द कारखान्यालाही हे टळलेलं नाही. विलीजनं जीपमध्ये सुधारलेलं हरिकेन इंजिन टाकायचं ठरवलं. त्याचे हवा घेणारे व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये असल्यामुळे इंजिन उंच झालं आणि जुन्या बोनेटखाली मावेना. म्हणून १९५३ च्या सीजे-३बी मॉडेलचं बोनेट आणि पुढची जाळी दोन्ही उंच करावी लागली. भारतात वर्षानुवर्षं दिसलेला तो उंच कपाळाचा चेहरा इंजिनानं घडवलेला आहे. इंजिन त्याच कंपनीचं, त्याच घराण्यातलं, तेवढ्याच सीसीचं. तरी पत्रा बदलला. परक्या इंजिनासाठी काय काय बदलावं लागेल याचा अंदाज यावरून बांधावा.

बसवण्याच्या कामातली सगळ्यात नाजूक जागा इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात ती. दोन्हींची भोकं जुळत नाहीत, म्हणून मधे लोखंडी प्लेट बनवून घेतात. भोकं जुळवणं सोपं आहे. क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत आणणं अवघड. जुवाखाली एक बैल उंच आणि दुसरा ठेंगणा जुंपला तर औत चालतं, पण दोघांच्याही माना सोलतात. इथेही गाडी चालते आणि काही महिन्यांनी बेअरिंग आणि क्लच प्लेट बोलू लागतात. त्यामुळे ही प्लेट डायल गेज लावून तपासणाऱ्या चांगल्या टर्नरकडेच करून घ्यावी. इंजिन लांब असेल तर गिअरबॉक्स मागे सरकतो. एमबीचा व्हीलबेस अवघा ८० इंच आहे. आधीच तोकडा असलेला मागचा शाफ्ट आणखी तोकडा होतो, त्याचा कोन तीव्र होतो आणि युनिव्हर्सल जॉइंटचे क्रॉस वरचेवर जातात.

वजन, पाटे, फाउंडेशन, रेडिएटर यांबद्दल फार सांगत नाही. कोणताही जाणता मिस्त्री ते बघतोच. विजेचं मात्र विसरलं जातं. एमबी सहा व्होल्टवर चालते. तिच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन साडेसहाच्या आसपास. डिझेलचं त्याच्या तिप्पट असू शकतं. ते फिरवायला मोठा स्टार्टर, बारा व्होल्टची दणकट बॅटरी आणि जाड केबल लागते. मग बल्ब, हॉर्न, मीटर, सगळंच बदलत जातं.

यापेक्षा मोठी काळजी ब्रेकची. ती मी मुद्दाम सविस्तर मांडतो, कारण आपल्याकडे जीपवर होणाऱ्या खर्चात ब्रेकचा नंबर शेवटी लागतो. एमबीला चारही चाकांना नऊ इंची ड्रम आहेत. ब्रेक हायड्रॉलिक आहेत, पण चारही चाकांना मिळून एकच सर्किट. एक नळी फुटली तर चारही चाकांचा ब्रेक जातो. सर्व्होची मदतही नाही. आता नव्या इंजिनामुळे जी गाडी ६० नं चालायची ती ८० नं चालू लागली असं धरू. वेग एक तृतीयांशानं वाढला, पण थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणजे जवळपास पावणेदोन पट. ती सगळी त्याच नऊ इंची ड्रममध्ये उष्णता होऊन जिरायला हवी. त्यात इंजिन जड झालेलं.

घाटात आणखी एक गोष्ट घडते. पेट्रोल इंजिनात पाय उचलला की कार्ब्युरेटरची झडप मिटते, हवा अडते आणि इंजिन गाडीला मागे धरून ठेवतं. बऱ्याच डिझेल इंजिनांत अशी झडपच नसते, म्हणून त्याच गिअरमध्ये ही पकड कमी मिळते. वरंध किंवा आंबोलीचा घाट उतरताना जे काम निम्मं इंजिन करायचं ते आता ब्रेककडे येतं. ड्रम तापतात, पेडल मऊ लागतं. म्हणून माझा आग्रह असा, की इंजिनाचा पहिला बोल्ट सैल करण्याआधी ब्रेकचं काम पुरं करावं: दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर, नव्या नळ्या, जमलं तर पुढे डिस्क. पैसे दोन्हींना पुरत नसतील तर इंजिन थांबू शकतं, ब्रेक थांबू शकत नाहीत.

कागदांची बाजूही याच साखळीतली. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतला तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला मनानं करता येत नाही. काही बदलांना मुभा आहे, तीही अटींवर. म्हणून आधी आरटीओ, मग गॅरेज. डिझेल टाकलेली जुनी जीप विकत घेत असाल तर आरसी बुकातलं इंधन आणि इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहा. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. त्यात गाडी ५० वर्षांहून जुनी असली तरी पुरत नाही; ती मूळ रूपात हवी, आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे इंजिन बदललेली एमबी कितीही देखणी केली तरी ती वाट तिला बंद होते.

एवढं सगळं मांडल्यावर माझं मत सांगतो. बऱ्याच जीपांचं इंजिन बदललं जातं ते जुनं इंजिन झिजलं म्हणून. ते गाडीला अपुरं होतं म्हणून क्वचितच. विलीजचं इंजिन लोखंडी ब्लॉकचं, साइड व्हॉल्व्हचं, अतिशय साधं आहे. बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन-रिंग टाकणं, व्हॉल्व्ह सीट ग्राइंड करणं, बेअरिंग नवी बसवणं ही कामं जिल्ह्याच्या गावातलं चांगलं इंजिन वर्कशॉप करू शकतं. हौसेसाठी, रविवारी फिरायला ठेवलेल्या जीपला तेच इंजिन नवं करून घालावं. रोज लांबचा प्रवास करायचा असेल, मूळ इंजिन फुटलं किंवा हरवलंच असेल, तर इंजिन जरूर बदला. पण चेसिस न कापता, मूळ फाउंडेशनचे ब्रॅकेट न उडवता, बोल्टनं जोडलेल्या नव्या ब्रॅकेटवर. पुढच्या मालकाला उलट वाटेनं जाता आलं पाहिजे.

आणि काढलेलं इंजिन किलोच्या भावानं देऊ नका. सिलिंडरमध्ये तेल सोडा, प्लगची आणि मॅनिफोल्डची तोंडं बंद करा, लाकडी चौकटीवर ठेवून अधूनमधून क्रँक हातानं फिरवत राहा. बेल हाउसिंग, रेडिएटर, कार्ब्युरेटर त्याच्याबरोबरच बांधून ठेवा, आणि जीप विकाल तेव्हा हे सगळं नव्या मालकाच्या हवाली करा.