धुक्याच्या आधी

हॉर्टन प्लेन्सच्या फाटकावर सकाळी सहाला जमलेली सगळी माणसं धुक्याशी शर्यत लावून आलेली असतात. श्रीलंकेच्या मध्य डोंगराळ भागात, समुद्रसपाटीपासून साधारण २१०० ते २३०० मीटर उंचीवर हे राष्ट्रीय उद्यान पसरलं आहे. त्याच्या दक्षिण टोकाला जमीन एकाएकी संपते आणि साडेआठशे मीटरांहून खोल कडा समोर येतो. ‘वर्ल्ड्स एंड’ हे त्याचं इंग्रजी नाव जरा नाटकी आहे, पण तेच रुळलं. नऊ-साडेनऊ झाले की हा कडा बहुधा धुक्यात बुडतो. म्हणून नुवारा एलियातल्या हॉटेलांत पहाटे चारलाच गजर वाजायला लागतात. पाव, उकडलेलं अंडं, केळं अशी न्याहारी खोक्यात बांधून मिळते, आणि अंबेवेला, पट्टिपोला मागे टाकत व्हॅनगाड्या अंधारातच घाट चढतात. पट्टिपोला हे लंकेतलं सर्वात उंचावरचं रेल्वे स्टेशन. पण त्या वेळी ते पाहायला कुणी मान वळवत नाही.

एवढी घाई करून पोचावं, तर आत शिरताना पिशव्यांची झडती. इथं प्लास्टिकला मज्जाव आहे. बिस्किटांचा पुडा फोडून बिस्किटं कागदात बांधून देतात, पाण्याच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा सोलून काढतात. मागे उभे असलेले लोक चुळबुळतात, घड्याळं बघतात. मला मात्र ही झडती आवडली. इथून पुढे तुमच्या घाईला किंमत नाही, हे कुणीतरी शिपायाच्या शांतपणाने सांगितल्यासारखं वाटलं.

खरं तर इथं वाटाड्याची गरज नाही. वाट सुमारे नऊ किलोमीटरची, फिरून जिथल्या तिथं येणारी. ठिकठिकाणी पाट्या आहेत, आणि पुढे माणसं दिसतच असतात. चुकायचं म्हटलं तरी सोपं नाही. तरीही आम्ही वाटाड्या घेतला, आणि पहिल्या अर्ध्या तासात त्याचा रागच आला. तो दर शंभर पावलांवर थांबायचा. मागून आलेले पंधरा-वीस जण आम्हाला ओलांडून गेले, त्यांतल्या काहींनी तर आमच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. थोड्या वेळाने लक्षात आलं की वाट दाखवणं हे त्याचं काम नव्हतंच. ते काम पाट्या करत होत्या. तो होता थांबवण्यासाठी.

पहिल्यांदा थांबला तो गवतासाठी. डिसेंबर ते फेब्रुवारीत इथं पहाटे गवतावर दंव गोठतं. लंकेत गोठलेलं दंव, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण पायाखाली ते कुरकुरतं. काही पट्ट्यांत गवत वेगळ्या जातीचं, वेगळ्या रंगाचं दिसलं. १९६०च्या दशकात या माळावर बटाट्याचं बियाणं पिकवलं जाई. नांगर लागला त्या जमिनीत बाहेरचं गवत घुसलं, ते आजही हटलेलं नाही. १९६९मध्ये शेती थांबून हा प्रदेश राखीव झाला, १९८८मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला, २०१०मध्ये लंकेच्या मध्य डोंगराळ भागाचा हिस्सा म्हणून जागतिक वारशाच्या यादीत गेला. काही वर्षांची बटाट्याची शेती, आणि अर्धशतक उलटूनही तिची खूण जमिनीवर वाचता येते. ओढ्याच्या कडेला पिवळ्या फुलांची काटेरी झुडपंही दिसली. दिसायला गोड, पण ती युरोपातून आलेली. आता उपटून उपटून लोक थकतात.

दुसऱ्यांदा थांबला तो एका पक्ष्यासाठी. सह्याद्रीत पावसाच्या तोंडावर शीळ घालणारा कस्तूर आपण ऐकलेला असतो. त्याचा लंकेतला भाऊबंद फक्त याच बेटाच्या डोंगरांत राहतो, आणि नीट उजाडायच्या आधीच्या अर्धवट उजेडात पाण्याकाठी येतो. पक्षी पाहणारे लोक त्याच्यासाठी फाटकाच्या वाटेवरच्या एका डबक्यापाशी अंधारात येऊन बसतात. आम्हाला तो दिसला नाही, आवाज आला असं वाटाड्याचं म्हणणं. मी मान डोलावली.

सांबरं मात्र भरपूर. जुन्या फार इनजवळ, म्हणजे एके काळच्या शिकाऱ्यांच्या विश्रामगृहाजवळ, ती गाड्यांच्या मधून फिरतात. खाऊ घालणाऱ्या प्रवाशांनी त्यांची भीती घालवली आहे. याच माळावर बिबट्याही आहे आणि ही सांबरंच त्याचं मुख्य अन्न. तो कुणाच्या गाडीजवळ येत नाही, त्यामुळे त्याची अब्रू शिल्लक आहे.

आपल्याकडचे पुष्कळ जण आदल्या दिवशी सीता एलियाचं मंदिर पाहून इथं आलेले असतात. त्यांना वाटाडे तोटुपोला शिखराकडे बोट करून सांगतात, रावणाचं विमान तिथं उतरत असे. परदेशी पाहुण्यांना त्याच शिखराकडे बोट करून बहुधा दुसरं काही सांगत असतील. गिऱ्हाईक ओळखणं हा धंद्याचा भाग आहे, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

पण ज्या जागी आमचा वाटाड्या सगळ्यांत जास्त वेळ थांबला, ती जागा माळ संपून झाडी सुरू होते तिथली. इथली झाडं उंच वाढत नाहीत. वाऱ्याने वाकलेली, छत्रीसारखे माथे पसरलेली, आणि बुंध्यापासून शेंड्यापर्यंत शेवाळ आणि दगडफुलाने मढलेली. खाली नेलूची झुडपं, आपल्या कारवीच्याच कुळातली. कारवी सात वर्षांनी फुलते, नेलू साधारण बारा वर्षांनी. पाऊस नव्हता, आदल्या दिवशीही पडला नव्हता, तरी झाडं टपकत होती. वाटाड्याने मूठभर शेवाळ हळूच दाबून दाखवलं, तर ओला पंचा पिळावा तसं पाणी निघालं. मग त्याने ते होतं तिथं परत थापटून बसवलं.

हे पाणी धुक्याचं. ढगातले हे थेंब इतके बारीक असतात की ते खाली पडत नाहीत, वाऱ्यासोबत आडवे वाहतात. वाटेत पान आलं, फांदी आली, शेवाळ आलं, की चिकटतात, एकमेकांत मिसळून जड होतात आणि मग खाली उतरतात. साध्या पर्जन्यमापकात हे पाणी धड मोजलंही जात नाही. झाडाने अडवलं नाही तर ते डोंगरावरून तसंच पुढे निघून जातं. याच माथ्यावरून महावेली, केलनी आणि वलवे या तीन नद्यांना पाणी जातं. महावेली ही लंकेतली सर्वात लांब नदी. कोलंबोच्या नळांना येणारं बहुतेक पाणी केलनीचं.

म्हणजे आम्ही सगळे पहाटे चारला उठलो होतो ते ज्याला चुकवण्यासाठी, त्याच्याच जिवावर हे रान उभं होतं. आमच्या भाषेत धुकं आडवं येतं, दृश्य खातं, पैसे बुडवतं. रानाच्या लेखी ते पावसाइतकंच, उन्हाळ्यात तर पावसाहूनही मोलाचं. हॉटेलातल्या सूचना, प्रवासाची पुस्तकं, व्हॅनचा चालक, सगळे एकच सांगतात: नऊच्या आत आटपा. धुक्यात इथं नेमकं काय चालतं ते पाहा, असं एकाही सूचनेत नाही. पाहण्याजोगी गोष्ट नेहमी लांबवर असते आणि ती स्वच्छ दिसली पाहिजे, हे आपल्या मनात इतकं पक्कं बसलं आहे की नाकाला लागलेला ढग आपण ‘काही दिसत नाही’ या सदरात टाकतो.

हे रान उरलं कसं, याचाही विचार तिथं उभं राहून येतो. चढताना दोन्ही बाजूंना डोंगरच्या डोंगर मळ्यांखाली गेलेले दिसतात. आधी कॉफी होती. १८६९नंतर तांबेऱ्याने कॉफी खाल्ली आणि चहा आला. दोन्हींसाठी रान तुटलं, आणि मळ्यांत राबायला तमिळ मजूर आणले गेले. १८७३मध्ये लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाचे संचालक जोसेफ हूकर यांनी सल्ला दिला की ५००० फुटांच्या वरचं रान तोडू नये. सल्ला मानला गेला. त्यामागे रानावरच्या प्रेमापेक्षा खालच्या पाण्याची चिंता जास्त असणार, असा माझा कयास. पण हेतू कुठलाही असो, मळेवाल्यांच्या ऐन भरात कुणीतरी डोंगरावर एक रेघ ओढली आणि ती बऱ्याच अंशी टिकली. १९३९ ते २००२ नामशेष मानलेलं इथलं लाजवंती वानराच्या कुळातलं एक चिमुकलं, मोठ्या डोळ्यांचं माकडवर्गीय जनावर अजून या रानात आहे. त्याचे फोटो जगाने पहिल्यांदा पाहिले ते २०१०च्या सुमारास.

रेघेच्या वर सगळं ठीक आहे असंही नाही. कितीतरी झाडं उभ्या उभ्या वाळलेली दिसतात. पानं गेलेली, पांढरी पडलेली, शेवाळसुद्धा सुटलेलं. काही दशकांपासून हे चाललं आहे. दुष्काळ, मातीतला दोष, हवेचं प्रदूषण, कोवळी रोपं खाणारी सांबरं अशी वेगवेगळी कारणं अभ्यासक सांगतात, एकमत नाही. आणखी एक शंका माझ्या मनातून जात नाही. हवा तापली की ढग अधिक उंचीवर बनू लागतात. खालच्या रानाला निदान वर सरकायला जागा असते. इथं उद्यानातलं सर्वात उंच शिखरसुद्धा २४०० मीटरांच्या आतच आहे. त्याच्या वर रानाला जायला डोंगरच उरत नाही. धुकं तेवढं वर गेलं तर कड्यावरून दिवसभर समुद्र दिसेल, प्रवासी खूश होतील.

कडा आम्हाला दिसला, हेही सांगायला हवं. वाटेत आधी एक धाकटा कडा लागतो, मग हा मोठा. खाली चहाचे मळे, एक वस्ती, तिच्यातली पत्र्याची छपरं, त्यापलीकडे एकामागे एक विरत गेलेल्या रांगा. हवा अगदी निवळ असली तर ऐंशी किलोमीटरांवरचा दक्षिणेचा समुद्र दिसतो म्हणतात. आम्हाला क्षितिजाशी एक फिकट पट्टा दिसला, त्याला समुद्र मानायला कुणाची हरकत नव्हती. दहा-पंधरा मिनिटांत खालचं खोरं तापलं. ऊन लागलेली दमट हवा कड्याला धरून वर चढू लागली, चढता चढता गार झाली, आणि डोळ्यांदेखत तिचा ढग बनला. आधी वस्ती गेली, मग मळे, मग आम्ही उभे होतो तो खडक.

मला हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आठवला. तिथंही कोकणातून असेच ढग चढून येतात, पण आपल्याकडची हौशी मंडळी कड्यावर त्या ढगांची वाट बघत बसतात. सूर्य पाठीशी आणि ढग समोर आला, तर ढगावर आपलीच सावली आणि तिच्याभोवती गोल इंद्रधनुष्य उमटतं. इंद्रवज्र म्हणतात त्याला. कर्नल साइक्सने ते पाहून १८३५मध्ये नोंदवलं, तेव्हापासून कित्येकांनी त्यासाठी दिवस घालवले आहेत. तोच कडा, तोच ढग. एकीकडे त्याच्या आधी पळायचं, दुसरीकडे त्याच्यासाठी ताटकळायचं. ढगाचं महत्त्व माणसाला पटतं, फक्त त्यात स्वतःची सावली दिसावी लागते, असं मनात आलं आणि जरा हसूही आलं.

परतीची वाट बेकर्स फॉल्सवरून येते. बेलिहुल ओया नावाचा ओढा इथं वीस मीटर खाली उडी घेतो आणि पुढे वलवे नदीला मिळतो. धबधब्याला नाव आहे सॅम्युएल बेकर या इंग्रजाचं. १८४०च्या दशकात तो लंकेत आला, आठेक वर्षं नुवारा एलियात राहिला, शिकारी कुत्री घेऊन याच माळांवर सांबरांमागे धावला, हत्ती मारले, त्यावर पुस्तक लिहिलं. त्या काळात इथं हत्ती होते, आता एकही नाही. लंका सोडल्यावर तो आफ्रिकेत नाईलचं उगमस्थान शोधायला गेला. १८६४मध्ये त्याने एक मोठं सरोवर गाठलं, त्याला राणीच्या नवऱ्याचं नाव दिलं, आणि मायदेशी परतल्यावर सरदारकीचा किताब मिळवला. तीन नद्यांच्या माथ्यावर त्याने एवढी वर्षं काढली, पण इथलं पाणी कुठून येतं हा प्रश्न त्याला पडल्याचं काही माझ्या वाचनात आलेलं नाही.

फाटकाशी पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. उशिरा आलेली एक व्हॅन नुकतीच रिकामी होत होती. आतल्या लोकांनी धुकं पाहिलं आणि तिकीट काढावं की नाही यावर त्यांचा वाद सुरू झाला. आमच्या वाटाड्याने पैसे खिशात टाकले, पाणी प्यायला, आणि सरळ त्यांच्याकडे गेला.