दिसण्यावरून की नात्यावरून?

१७३५ साली कार्ल लिनियसने ‘सिस्टेमा नॅचुरे’ हे मोजक्याच पण भल्यामोठ्या पानांचे पुस्तक छापले. त्यात निसर्गाची तीन राज्ये होती: प्राणी, वनस्पती आणि खनिजे. दगडधोंडे पुढे आपोआप गळले. उरलेल्या दोन राज्यांवर शंभरेक वर्षे कुणी फारशी हरकत घेतली नाही. हिंडून खातो तो प्राणी, एका जागी रुजते ती वनस्पती. अळंबी हिरवी नाही, पण जागची हलतही नाही. मग ती वनस्पतींत.

घोळ घातला तो सूक्ष्मदर्शकाने. युग्लीना हिरवी असते, उन्हात आपले अन्न आपणच तयार करते आणि वर शेपटी हलवत पोहतेही. वनस्पतिशास्त्रज्ञ तिला आपली म्हणत, प्राणिशास्त्रज्ञही आपलीच म्हणत. १८६६ मध्ये अर्न्स्ट हेकेलने असल्या जिवांसाठी प्रोटिस्टा हे तिसरे राज्य काढले. खरे तर ती अडगळीची खोली होती. कुठेच बसत नाही ते तिथे ढकलायचे. १९३८ मध्ये हर्बर्ट कोपलंडने केंद्रक नसलेल्या जीवाणूंना तिथून बाहेर काढले. १९६९ मध्ये रॉबर्ट व्हिटाकरने कवकेही वेगळी केली. वनस्पती अन्न बनवतात, प्राणी गिळतात, कवके शोषून घेतात, असा त्याचा हिशेब. महाराष्ट्रातल्या शाळांत पाठ करून घेतात ती पाच राज्यांची पंचसृष्टी हीच. सुटसुटीत आहे, परीक्षेला सोयीची आहे. जीवाणूंचे आपसातले नाते मात्र तिला सांगता येत नाही.

कसे येणार? जीवाणू गोल, काडीसारखे नाहीतर मळसूत्री. रूपावरून त्यापुढे फारसे काही कळत नाही. इलिनॉय विद्यापीठातल्या कार्ल वोझने मग रूपाचा नादच सोडला. प्रथिने बनवणारे रायबोसोम प्रत्येक पेशीत असतातच, आणि त्यांतला एक आरएनए रेणू फार सावकाश बदलतो. दोन जिवांच्या या रेणूंत जितका फरक जास्त, तितकी त्यांची फारकत जुनी. वोझ या रेणूचे किरणोत्सारी तुकडे करी आणि एक्स-रे फिल्मवर उमटलेले ठिपके वर्षानुवर्षे जुळवत बसे. कमालीचे कंटाळवाणे काम!

त्याचा सहकारी राल्फ वुल्फ मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव वाढवत असे. त्यांचे ठिपके जीवाणूंशी जुळेनात आणि केंद्रक असलेल्या पेशींशीही जुळेनात. जीवसृष्टीचे हे तिसरेच घराणे आहे, असे वोझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये जाहीर केले. आज त्याला आर्किया म्हणतात. गोबर गॅसच्या टाकीत मिथेन तयार होतो तो यांच्यामुळेच. २०२० च्या जूनमध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्यात सापडले तेही खाऱ्या पाण्यात वाढणारे आर्कियाच.

वोझची बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर झळकली आणि शास्त्रज्ञ बिथरले. नोबेलविजेत्या साल्वादोर लुरियाने वुल्फला फोन करून, या प्रकरणातून अंग काढून घे, असे बजावले. १९९० मध्ये वोझने सृष्टींच्याही वर तीन डोमेन मांडली: जीवाणू, आर्किया आणि केंद्रकवाले. या हिशेबात वाघ, वड आणि अळंबी एकाच डोमेनमध्ये येतात. शिवाय अळंबी वडापेक्षा वाघाला जवळची निघते. अर्न्स्ट मायरसारख्या दिग्गज जीवशास्त्रज्ञाने १९९८ मध्येही याला विरोध केला. हत्ती आणि फुलपाखरू ज्यात आहेत, त्या वैविध्यापुढे डोळ्यांना न दिसणाऱ्या आर्कियांना स्वतंत्र दर्जा कशाला, हा त्याचा रोख. युक्तिवाद भारदस्त होता, पण दिसण्याला नात्यापेक्षा मोठे मानणारा होता.

वोझचा आराखडाही मग हलला. नॉर्वे आणि ग्रीनलंडच्या दरम्यान, तीन किलोमीटरहून खोल समुद्रतळाच्या गाळातून २०१५ मध्ये लोकीआर्किया या गटाचा डीएनए हाती लागला. केंद्रकवाल्या पेशींचीच खासियत समजली जाणारी काही जनुके त्यात होती. पुढे जपानी संशोधकांनी याच गोतावळ्यातला एक जीव बारा वर्षे खपून प्रयोगशाळेत वाढवला आणि २०२० मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या पेशीला फांद्यांसारखे लांब हात आहेत. केंद्रकवाले जीव आर्कियांचे भाऊबंद नसून त्यांच्याच वंशातून फुटलेली शाखा असावेत, या मताला त्यामुळे बळ आले. तसे असेल तर डोमेन तीन नव्हे, दोनच उरतात. सध्या तरी पारडे त्या बाजूला झुकलेले आहे.