चित्र ही उचल आहे

दुःख ज्याचं, त्याचं चित्र कोणाचं?

आनंद पटवर्धनची सुरुवातीची छोटी फिल्म 'क्रांती की तरंगें'. १९७५ ची, बिहारच्या आंदोलनावरची. आणीबाणी आली आणि फिल्म लपवावी लागली. तुकडे करून देशाबाहेर न्यावी लागली. तिथं दाखवणारा आणि दिसणारा एकाच धोक्यात होते. हिशेब सोपा.

१९८५ ला 'हमारा शहर' आली. मुंबईतल्या झोपड्या पाडल्या जातात, त्याची. तीत एक बाई कॅमेऱ्यावरच उखडते. गरिबांची चित्रं काढून तुम्ही नाव कमावणार, असा तिचा राग. पटवर्धननं तो कापला नाही. चांगलं केलं. पण एवढ्यानं भागत नाही. बाईचा राग ठेवल्यानंही नाव होतंच की! तिचं घर काही उभं राहत नाही.

मग बाहेरच्यानं आमच्याकडं कॅमेरा वळवूच नये? हेही मला पटत नाही. न दिसलेला अन्याय झोपडी पाडणाऱ्याच्याच सोयीचा. आणि आपल्यातला आहे म्हणून कोणी आपोआप इमानी होत नाही.

माझं माप वेगळं आहे. चित्र ही उचल आहे. घेतली की फेडायची. 'हमारा शहर'मध्ये शाहीर विलास घोगरे गातो. ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात पोलिसांनी गोळ्या घातल्या, १० माणसं मेली. घोगरेनं काही दिवसांत स्वतःचा जीव दिला. तिथून १४ वर्षं पटवर्धन 'जय भीम कॉम्रेड'च्या मागं राहिला, आणि ती वस्त्यांत नेऊन दाखवली. सगळी उचल फिटली असं मी म्हणत नाही. पण तो परत आला.

हे सांगतो ते आपल्यासाठी. जुलै २०२१ ला आमच्या महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळली, ८० हून अधिक माणसं गेली. इकडं आंबेनळी घाटही खचला. कॅमेरे आले नि गेले. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. आता कॅमेरा आपल्याही खिशात आहे. अत्याचाराची बातमी आली की मार खाल्लेलं अंग आपण मोबाईलवर पुढं ढकलतो. त्या माणसाला विचारलं का? खटल्याच्या तारखेला त्याच्याशेजारी कोण उभं राहणार?

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले, ते माणूसपणाच्या हक्कासाठी. त्या हक्कात नाही म्हणायचा हक्कही येतो. कॅमेऱ्यालासुद्धा, आपल्या कॅमेऱ्यालासुद्धा. तेव्हा आधी विचारा. हो म्हणाला तर काढा. आणि उचल अंगावर आहे हे ध्यानात ठेवून त्याच्या दारी परत जा.

जयभीम.