येऊ दे, येऊ दे

गाडीच्या मागे उभं राहून ‘येऊ दे, येऊ दे... बास!’ असं आपण सगळेच कधी ना कधी ओरडलेलो असतो. मी ते गेल्या ऑक्टोबरमध्ये युटाच्या वाळवंटात ओरडलो, आणि ते अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

जागा होती व्हॅली ऑफ द गॉड्स. मेक्सिकन हॅट नावाच्या छोट्याशा गावाजवळ, लाल खडकांच्या सुळक्यांमधून जाणारा १७ मैलांचा कच्चा रस्ता. फाटक नाही, तिकीट नाही, वॉचमन नाही. मित्राने जुनी २४ फुटी आरव्ही घेतली होती. आत गॅस, फ्रिज, दोन गाद्या, कुकर आणि एक किलो पोहे. कुठेही थांबा, कुठेही झोपा. आम्ही आलो होतो ते या ‘कुठेही’साठीच.

दोनेक मैल आत गेलो आणि पश्चिमेकडे ढग दाटले. अंधार पडायला लागला होता. या रस्त्याची माती ओली झाली की चाकं जागच्या जागी फिरतात. मग वाळेपर्यंत बसून राहायचं, एक दिवस किंवा दोन दिवस. त्या दिवशी शनिवार होता आणि सोमवारी माझं रिलीज होतं. मित्र म्हणाला, “इथंच वळवू.” पण रस्ता जेमतेम एका गाडीचा. वळवायचं म्हणजे मागची चाकं रस्त्याखाली उतरवायची.

मी टॉर्च घेऊन मागे गेलो. उजेडात जमीन दिसली. काळपट, खडबडीत, करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी. ते काय आहे हे मला माहीत होतं, कारण दुपारीच एका पाटीवर वाचलं होतं. वरवर नुसती माती वाटते, पण ती जिवंत असते. सायनोबॅक्टेरिया, शेवाळ आणि लायकेन, म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचे भाऊबंद, हे सगळे मिळून वाळूचे कण एकमेकांना बांधून ठेवतात. हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात. हा पापुद्रा मोडला की वारा माती उडवून नेतो आणि तो पुन्हा धरायला कित्येक दशकं लागतात.

हे सगळं माहीत असताना मी म्हणालो, “येऊ दे.”

पापुद्रा मोडल्याचा आवाज अगदी बारीक आला. पाऊस मात्र आलाच नाही.

परत येताना मी स्वतःची बाजू मांडत होतो. पहिला मुद्दा, नाइलाज होता. पण नाइलाज नव्हता. पुढे गाडी वळवायला जागा मिळाली असती. नसती मिळाली तर दोन दिवस पोहे खाल्ले असते. माझा एक सोमवार आणि त्या जमिनीची काही दशकं हे मी एका तराजूत टाकलं, आणि सोमवार जड ठरवला. दुसरा मुद्दा, एकाच गाडीने काय होतं? कास पठारावर फुलांत बसून फोटो काढणारा प्रत्येक जण हेच म्हणतो आणि आपण त्याला नावं ठेवतो.

तिसरा मुद्दा खरा अवघड आहे. नुकसान कुणाचं झालं? मातीला दुखत नाही. तिथे कुणी राहत नाही. कुणी पाहिलं नाही. ज्याला बळीच नाही, तो गुन्हा कसा?

‘तिथे कुणी नाही’ हे तरी खरं आहे का? हा सगळा टापू बेअर्स इअर्स राष्ट्रीय स्मारकाच्या परिसरातला. पाच आदिवासी राष्ट्रांनी एकत्र येऊन मागणी लावून धरली, तेव्हा २०१६ साली ते स्मारक जाहीर झालं. आम्हाला जी रिकामी जागा वाटत होती, ती त्यांच्या पूर्वजांची भूमी आहे.

पण त्यांना बाजूला ठेवलं तरी एक उत्तर उरतं. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात १९४२ साली जनरल पॅटनने रणगाड्यांच्या सरावासाठी तळ उभारला होता. त्या रणगाड्यांच्या खुणा तिथे आजही काही ठिकाणी दिसतात. निदान त्यांच्यामागे एक महायुद्ध होतं. आमच्यामागे एक सॉफ्टवेअर रिलीज होतं. आणि तशा खुणा व्हॅली ऑफ द गॉड्समध्ये आम्हाला जागोजागी दिसल्या नाहीत, याचं कारण काय? आमच्याआधी येऊन गेलेल्या हजारो लोकांपैकी बहुतेकांनी चाकं रस्त्यावरच ठेवली. त्यांनाही घाई असेल, त्यांच्याही डोक्यावर ढग आले असतील. ज्याला मी निसर्गाची देणगी समजत होतो, तो बराचसा अनोळखी माणसांचा संयम होता. मी तो उधळला. बळी कोण, याचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे.

माझ्या कामात चुकीचा बदल गेला तर मागची आवृत्ती परत आणता येते. त्यामुळे ‘करून बघू, नाही जमलं तर उलटवू’ ही सवय हाडीमाशी मुरली आहे. वाळवंटात ती सोय नाही.

रात्री आम्ही डांबरी रस्त्याजवळ मुक्काम केला. आकाश स्वच्छ झालं होतं, पण मला चांदण्या बघवेनात. सकाळी चालत परत गेलो. दोन खोल चाकोऱ्या स्पष्ट दिसत होत्या. पुढच्या गाडीवाल्याला वाटलं असतं, इथे गाडी उतरवायची सोय आहे. रस्त्याकडेच्या वाळक्या काटक्या गोळा केल्या आणि रस्त्यावरच उभं राहून, हात पोचेल तिथवर त्या चाकोऱ्यांवर पसरल्या.

त्याने मोडलेलं काही जुळत नाही. पुढच्या माणसाला ‘येऊ नको’ एवढंच कळतं. आदल्या रात्री मी म्हणायला हवं होतं, तेही एवढंच.