पहिली धार

क्राफ्ट बिअर म्हणजे लहान ब्रुअरीत, थोड्या प्रमाणात आणि चवीवर लक्ष ठेवून तयार केलेली बिअर. पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ सुरू झाल्यानंतर ती महाराष्ट्राच्या परिचयाची होत गेली. अशी बिअर घरी पेल्यात ओतून सावकाश चाखण्यात दोष असेल, तर तो द्रव्यात असतो, पिणाऱ्याच्या चित्तात असतो की आणखी कोठे, या प्रश्नाचा विचार भारतीय धर्मपरंपरांनी फार पूर्वीपासून केला आहे. आणि भडगावसारख्या गिरणाकाठच्या गावात, जेथे माळकरी, जैन आणि भिल्ल कुटुंबे एकाच बाजारात वावरतात, तेथे त्या विचाराचे धागे आजही जिवंत आहेत.

वैदिक कर्मकांडात सौत्रामणी नावाच्या यागात सुरेची आहुती दिली जाई. ही सुरा कशी करावी हे शतपथब्राह्मणाच्या बाराव्या कांडात आले असून, तिच्या साहित्यात मोड आलेला भात, मोड आलेले जव, लाह्या आणि ‘नग्नहू’ म्हणजे आंबवण्यासाठी घालावयाचे विरजण यांचा समावेश होतो. आजच्या बिअरचे माल्टही बहुधा मोड आणून वाळवलेले जवच असतात. मनुस्मृती मात्र गुळाची गौडी, पिठाची पैष्टी आणि माध्वी असे सुरेचे तीन प्रकार सांगून तिला अन्नाचा मळ ठरवते. जी वस्तू एका विधीत हविर्द्रव्य होते आणि दुसऱ्या ठिकाणी महापातकाचे कारण ठरते, तिचा दोष केवळ तिच्या घटकांत आहे असे म्हणता येत नाही; आणि आंबणे हेच पाप मानले, तर ज्वारी भिजवून आंबवून बिबडे घालणारे खानदेशातले प्रत्येक अंगण दोषी ठरेल.

बौद्ध विचार दोषाचे स्थान चित्तात शोधतो. पाचव्या शीलात मद्य वर्ज्य आहे ते ‘प्रमादस्थान’ म्हणून, म्हणजे बेसावधपणाला जागा देणारे म्हणून. यावर चोखंदळ रसिकाचे उत्तर असे, की पेला तिरपा धरून कडेने ओतणे, शेवटी तो सरळ करून फेस येऊ देणे, गंध घेणे आणि हॉप्स या वेलीच्या फुलांचा कडवटपणा जिभेवर ओळखणे हा सावधपणाचाच अभ्यास आहे. हे उत्तर प्रामाणिक आहे, पण ते पहिल्या काही घोटांपुरतेच टिकते, कारण ज्या जागृतीच्या आधारे चव पारखायची तीच जागृती पेल्यागणिक विरत जाते, आणि आता थांबावे हे ठरवणारी बुद्धीही त्याच पेल्यात उतरलेली असते. माळकरी गळ्यात तुळशीची माळ घालतानाच मद्य सोडतो, तेव्हा तो हा निर्णय मोहाच्या क्षणावर ठेवत नाही. यात मानवी स्वभावाची खोल जाण आहे.

जैन आक्षेप याहून कठीण आहे, कारण तो पिणाऱ्याच्या नशेवर थांबत नाही. अमृतचंद्राचार्यांच्या ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ या ग्रंथात मद्य हे अनेक जीवांचे उत्पत्तिस्थान मानले आहे, म्हणून मद्यपानात हिंसा अटळ ठरते. याला सूक्ष्मजीवशास्त्राची पूर्वसूचना म्हणणे उचित नाही, कारण ती दृष्टी अहिंसेच्या चिंतनातून आली आहे; तरी १५१६ सालच्या बव्हेरियातील बिअरच्या कायद्यात जव, हॉप्स आणि पाणी एवढेच घटक होते व यीस्टचे नावही नव्हते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. बिअर आंबते ती यीस्ट या जिवंत सूक्ष्मजीवामुळे, हे मांडणारा लुई पाश्चर यांचा बिअरवरील ग्रंथ १८७६ मध्ये आला. बाटलीतच पुन्हा आंबू दिलेल्या बिअरच्या तळाशी यीस्टचा गढूळ साका असतो, तो जिवंत असतो, आणि ओतणारा तो बाटलीत ठेवतो किंवा हलवून पेल्यात घेतो. उष्णता देऊन हे जीव आधीच मारलेली कारखान्यातली बिअर या आक्षेपातून सुटत नाही, उलट अधिक अडकते. दह्यालाही काळाची मर्यादा घालणाऱ्या आचारापुढे रसिकाजवळ खरे उत्तर नाही.

सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा समाजांत मद्य निषिद्ध नाही, पण ते एकट्याचेही नाही. मोहाची दारू पिण्यापूर्वी देवांच्या आणि पूर्वजांच्या नावाने तिचे थेंब जमिनीवर सोडतात. याला धार देणे म्हणतात. बाजारी मराठीत ‘पहिल्या धारेची’ म्हणजे सर्वांत कडक, पिणाऱ्याला सर्वांत हवीशी; या विधीत मात्र पहिली धार पिणाऱ्याची नसतेच. येथे दोषाचे तिसरे स्थान दिसते, आणि ते हक्कात आहे: धान्य, फूल, पाणी आणि अदृश्य जीव यांनी मिळून जे केले त्यावर पहिला अधिकार कोणाचा, हे ओतणाऱ्याने ओतण्याआधी मान्य केले आहे काय? फरशीच्या खोलीत फ्रिजमधून काढलेल्या बाटलीची पहिली धार थेट पेल्यात जाते, आणि ती जेथे सोडावी अशी माती त्या खोलीत नसते.