फोनचा अर्थ कोणी ठरवला?

शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य आहे, असे मीमांसक मानतात. नैयायिकांच्या मते तो संकेताने ठरतो. मीमांसेचा भाष्यकार शबर याचा युक्तिवाद असा, की हा संबंध कोणी जोडला असता तर जोडणाऱ्याची आठवण उरली असती. ‘टेलिफोन’च्या बाबतीत ती उरली आहे. फिलिप राइसने 1861 मध्ये आपल्या यंत्राला हे नाव दिले. बेलचे पेटंट तर 1876 चे. मग नैयायिक जिंकले? इतके सोपे नाही. ‘फोन पडला’ यात वस्तू आहे, ‘आजीचा फोन आला’ यात आजीने साधलेला संपर्क, आणि ‘साहेब फोनवर आहेत’ यात चाललेले बोलणे. हे अर्थ कोणी बसून ठरवले नाहीत. उलट रीतसर घडवलेला ‘दूरध्वनी’ लेटरहेडवरच राहिला.

यावर कोणी म्हणेल, ही नुसती लक्षणा, म्हणजे मुख्य अर्थ सोडून त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घेणे. पण लक्षणेला आधी मुख्यार्थ अडावा लागतो. ‘आजीचा फोन आला’ ऐकून घरातले पोर उठून धावते, त्याला काहीच अडत नाही. ती रूढ लक्षणा म्हणावी, तर रूढी म्हणजे वापरच की! मोठ्यांच्या व्यवहारातून मूल अर्थ शिकते, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. माझ्या मते वादाचा निकाल तिथेच लागतो: नाव राइसचे, अर्थ बोलणाऱ्यांचा.